दाढ दुखायची ती चढावर

दुष्काळाच्या त्या वर्षी माझी डावीकडची दाढ दुखायला लागली. नेमकी कोणती, ते बोट ठेवून सांगता यायचं नाही. खालच्या जबड्यातून निघून कानाखालपर्यंत दाबल्यासारखी कळ जायची, थोडा वेळ राहायची आणि ओसरायची. मी लवंग धरली, मिठाच्या पाण्यानं चुळा भरल्या, भाकरी उजव्या बाजूनं चावायला लागले. काही उपयोग झाला नाही. पण दाढेचं दुखणं म्हणजे काय दुखणं, म्हणून मी ते कुणाला सांगितलंही नाही.

आमचं गाव गेवराई तालुक्यात, चकलांब्याच्या अंगाला. मालक एसटीत ड्रायव्हर होते, गेवराई डेपोला. पोरीचं लग्न झालेलं, पोरगा पुण्याला कंपनीत. घरी मी आणि दोन म्हशी. शिवाय आमच्या बायकांच्या दूध संस्थेची मी चेअरमन होते. चेअरमन म्हटलं की लोकांना खुर्ची डोळ्यांसमोर येते. आमच्या संस्थेत खुर्ची एकच होती आणि तिच्यावर दुधाचं माप ठेवलेलं असायचं.

संस्थेची सेक्रेटरी होती आमची भाभी. गावात सगळेच तिला भाभी म्हणायचे. तिच्या नवऱ्याचं फाट्यावर पंक्चरचं दुकान. ती सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर सुंदर, आणि दुधात पाणी घालणाऱ्या बाईला ती सगळ्यांसमोर न बोलता बाजूला घेऊन असं काही समजावायची की ती बाई पुन्हा तसं करायची नाही. ती मला आक्का म्हणायची. आम्ही दोघी पहाटे सोबतच केंद्रावर जायचो.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही म्हटलं तरी चालेल. विहिरी आटल्या, पाण्याचे टँकर सुरू झाले, आणि फाट्याखालच्या माळावर जनावरांची छावणी उभी राहिली. ती चालवायचं काम गावातल्या सोसायटीकडे आलं आणि सोसायटीच्या पुरुषांनी अर्धं काम आमच्या गळ्यात घातलं. उसाची वाढी, म्हणजे हिरवे शेंडे, आली की वाटून द्यायची, कुणाची गाय खात नाही ते बघायचं, भांडणं सोडवायची. आम्हाला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू. एरवी बायका आपापल्या गोठ्यात असायच्या. छावणीत सगळ्यांच्या म्हशी शेजारीशेजारी बांधलेल्या, त्यामुळे बायकाही दिवसभर शेजारीशेजारी. चुली एकत्र पेटायच्या. मी तर म्हणते, त्या उन्हाळ्याइतकं आम्ही कधी हसलो नाही.

दूध मात्र फार घटलं होतं. एवढ्याशा दुधासाठी गावात यायला टेम्पोवाला तयार होईना. तो म्हणाला, वर फाट्यावर आणून द्या, मी नेतो. संस्था बंद ठेवावी असं काहीजणी म्हणाल्या. मी म्हणाले, एकदा बंद पडली की पुन्हा उघडणार नाही. मग दुधाचे कॅन डोक्यावर घेऊन फाट्याचा चढ चढायचं ठरलं, आणि चेअरमन मी, म्हणून पहिला कॅन माझ्या डोक्यावर.

तो चढ फार मोठा नाही. पण पहाटेचा गारठा, डोक्यावर कॅन, आणि अर्ध्यावर पोचलं की दाढ सुरू. मी कॅन उतरवून बांधाच्या दगडावर बसायचे. भाभी थांबायची. जरा वेळानं कळ जायची, मग आम्ही पुढे. चार-आठ दिवस तिनं हे बघितलं. एक दिवस माझ्याकडे बघत म्हणाली, "आक्का, तुमी रोज हितंच बसता ते कावून?"

"दाढ दुखती गं."

"मग गेवराईला जाऊन दाखवा की. दाढ काढली की काम झालं."

"जाईन, उन्हाळा सरू दे."

"उन्हाळ्याचं अन् दाढंचं काय नातं हाय?" ती म्हणाली. "तुमचा चेहरा कसा पांढरा पडलाय, आरशात बघा. लई झालं आता. उद्याच्या गाडीनं जायचं, कॅनचं मी बघते."

तिनं परस्पर आमच्या मालकांनाही सांगितलं. ते घरी येऊन म्हणाले, "उद्या माझ्याच गाडीत बस. दाढ काढून संध्याकाळच्या फेरीला परत आणून सोडतो." आणि मी गेले.

दाताच्या डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी होती, नुकताच दवाखाना टाकलेला. भिंतीला रंगाचा वास. तिनं मला मागे रेलणाऱ्या खुर्चीत बसवलं, तोंडात आरसा घातला आणि पहिल्यांदा काय म्हणाली तर, "काकू, मिश्री लावता का?"

आमच्याकडच्या बायकांना मिश्री काय असते ते सांगायला नको. तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजायची, कुटून पूड करायची आणि बोटानं हिरड्यांना घासायची. मी लग्नाआधीपासून घासत होते. सकाळी, दुपारी, आणि जरा डोकं जड झालं की मधेच. मी मान हलवली.

तिनं एकेक दात ठोकून बघितला. गार पाणी लावून बघितलं. फोटो काढला. मग हातमोजे काढून माझ्यासमोर बसली.

"काकू, दात मिश्रीनं काळे झालेत, पण दुखण्यासारखी एकही दाढ नाही. जेवताना दुखते?"

"न्हाई."

"गरम-गार खाल्लं की?"

"न्हाई. चढ चढताना दुखती. बसलं की थांबती."

ती एकदम सावध झाली. ती कळ कुठून कुठे जाते, दम लागतो का, घाम येतो का, हाताला मुंग्या येतात का, असं एकेक विचारत गेली. मी कंटाळले. म्हणाले, "बाई, तू काढून टाक ना ती दाढ. एवढ्या लांबून आलेय."

"चांगली दाढ मी काढणार नाही," ती म्हणाली. "आणि दाढ काढली तरी तुमचं दुखणं थांबणार नाही. तुम्ही आत्ताच्या आत्ता त्या पलीकडच्या हॉस्पिटलात जा. मी डॉक्टरांना फोन करते. छाती तपासून घ्या. आणि हळू जा, घाई करू नका."

मी रागातच खाली उतरले. मालक रसवंतीपाशी उभे होते. त्यांना म्हणाले, "दाताची डॉक्टरीण म्हणती छाती दाखवा, तिकडं फोनबी केलाय. शिकलीय का न्हाई कोण जाणे." ते हसायला लागले, पण माझ्या तोंडाकडे बघून थांबले. म्हणाले, "फोन केलाय म्हणतीस ना तिनं? मग उगं केला नसंल. चल."

त्या हॉस्पिटलातले डॉक्टर वयस्कर, सावकाश बोलणारे. त्यांनी मला आडवं करून छातीला, हातापायाला वायरी लावल्या आणि ईसीजीची पट्टी काढली. पट्टी बघून म्हणाले, पट्टी चांगली आहे. मी मालकांकडे बघितलं. उठून पदर सावरला आणि निघायच्या तयारीत उभी राहिले.

"बसा, बाई," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही आत्ता निवांत पडला होतात. निवांत असताना तुम्हाला दुखतं का?"

"न्हाई."

"म्हणून पट्टीतही काही दिसत नाही. तुमचं दुखणं चढावर आहे, आणि चढ काही माझ्या दवाखान्यात नाही."

मग त्यांनी कागद ओढला नाही की चित्र काढलं नाही, नुसता स्वतःच्या छातीवर हात ठेवून सांगितलं. हृदय म्हणजे एक स्नायू आहे, दंडाचा असतो तसा. ते रात्रंदिवस काम करतं, म्हणून त्यालाही रक्त लागतं. ते त्याला बाहेरून अंगावर पसरलेल्या बारीक वाहिन्यांतून मिळतं.

मला ते पटेना. मी विचारलं, "आतून सगळं रक्तानंच भरलेलं असतं ना? मग बाहेरून कशाला?"

"आतलं रक्त ते पुढे ढकलतं. स्वतःसाठी त्याला ते जसंच्या तसं वापरता येत नाही."

मालक पुढे सरकले. ते म्हणाले, "टाकी डिझेलनं भरलेली असली तरी इंजनाला पायपातनंच घ्यावं लागतं, तसं म्हणा की."

"तसंच," डॉक्टर म्हणाले. "आता त्यातली एखादी वाहिनी आतून चरबीचा थर बसून अरुंद झाली, तर बसल्याजागी पुरेल एवढं रक्त जातं. पण ओझं घेऊन चढ चढला की हृदयाला जास्त लागतं, आणि तेवढं मिळत नाही. मग ते तक्रार करतं. बसलं की गरज कमी होते, तक्रार थांबते. ह्याला आम्ही अंजायना म्हणतो."

"मग तक्रार दाढंत कावून करतं?"

ते हसले. "पुष्कळांना छातीत मधोमध दाबल्यासारखं होतं. काहींना जबड्यात, खांद्यात, डाव्या हातात, पाठीत, पोटाच्या वरच्या भागात. कुणाला नुसता दम लागतो, नाहीतर मळमळतं. बायकांमध्ये असं आडवाटेनं येणारं दुखणं जरा जास्त दिसतं. हृदयाच्या नसा आणि जबड्याच्या नसा निरोप घेऊन जवळून जवळून जातात. मेंदूला कळत नाही निरोप कुणाचा."

जे विचारायची भीती वाटत होती ते मालकांनीच विचारलं. "म्हणजे हिला अटॅक आलाय का?"

"नाही. अटॅक म्हणजे वाहिनी एकदम गुठळीनं बंद होते आणि पुढचा स्नायू मरायला लागतो. इथं रक्त कमी पडतंय, थांबलेलं नाही. पण हा इशारा आहे, आणि तो वेळेवर मिळालाय."

मला त्या वेळी काय वाटलं ते आठवायला गेलं तर आधी लाज आठवते. आपल्याला काही झालंय याची लाज. छावणीत चाळीस जणींचं भांडण मी सोडवते, आणि माझंच हृदय माझ्याविरुद्ध तक्रार करतंय. भीती नंतर आली, परतीच्या गाडीत, मालक गाडी चालवत होते आणि मी त्यांच्या मागच्या सीटवर बसून त्यांच्या पाठीकडे बघत होते तेव्हा. त्यांनी त्या दिवशी गाडी इतकी हळू चालवली की मागून एक म्हातारा ओरडला, "ड्रायव्हरसाहेब, आज पोचायचं हाय का न्हाई?"

पुढच्या आठवड्यात औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथं चालत्या पट्ट्यावर चालवलं आणि मग मनगटातून बारीक नळी घालून आतला फोटो काढला. मी जागीच होते. पडद्यावर माझ्या हृदयावरच्या वाहिन्या दिसत होत्या, पानगळ झालेल्या बाभळीच्या फांद्यांसारख्या, आणि त्या हलत होत्या. एके ठिकाणी एक फांदी बारीक झालेली मलाही दिसली. तिथले डॉक्टर म्हणाले, बाकीच्या वाहिन्या चांगल्या आहेत, दुखणं नुसतं श्रमाचं आहे, तेव्हा आधी गोळ्यांनी बघू. रक्त पातळ ठेवायची एक, चरबी खाली आणायची एक, हृदयाचे ठोके सावकाश ठेवायची एक. एवढ्यानं भागलं नाही तर मग ती वाहिनी उघडी ठेवायला आत जाळी बसवू. आणि एक छोटी गोळी वेगळी दिली, जिभेखाली ठेवायची. दुखायला लागलं की हातातलं टाकायचं, खाली बसायचं, गोळी जिभेखाली धरायची. पाच मिनिटांत थांबलं नाही, किंवा बसल्याजागी दुखायला लागलं, किंवा घाम फुटला, तर कुणाची वाट न बघता अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची. हे त्यांनी माझ्याकडून पाठ म्हणून घेतलं. मालकांकडूनही घेतलं.

मिश्री मात्र त्याच दिवशी सोडायची, असं बजावलं. तंबाखूनं वाहिन्या आणखी आकसतात. मी मान खाली घालून ऐकत होते तेवढ्यात मालकांच्या शर्टाच्या खिशातली चुन्याची डबी त्या डॉक्टरांना दिसली. ते म्हणाले, "आणि तुम्ही?"

बाहेर आल्यावर मी मालकांना म्हणाले, "तुमी सोडली तर मी सोडते."

ते म्हणाले, "दुखणं तुला हाय."

"मग मला एकटीला कसं जमंल? तुमी समोर मळत बसणार अन् मी वास घेत बसू?"

त्यांनी स्टँडवर बसल्या बसल्या डबी कचऱ्याच्या टोपल्यात टाकली. पुढचे दोन महिने आमच्या घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मी भांडी आपटायचे, ते बडीशेप चघळून चघळून कावलेले असायचे. एकदा मी चुलीमागं लपवलेली मिश्रीची पुडी त्यांना सापडली आणि त्याच दिवशी त्यांच्या गणवेशाच्या पँटीत तंबाखूची पुडी मला. दोघंही इतके हसलो की शेजारीण बघायला आली. त्यानंतर ते व्यसन हळूहळू सुटलं.

छावणीत मात्र वेगळंच वाढून ठेवलं होतं. मी औरंगाबादहून येईतो भाभीनं बायकांची बैठक घेऊन ठरवून टाकलं होतं की कॅन आता चार तरण्या सुना आळीपाळीनं नेतील आणि आक्कानं छावणीतच दूध मोजायचं. मला न विचारता! मी चिडले. म्हणाले, "मी काय मेलेय का?"

"मरू नये म्हणूनच," भाभी म्हणाली आणि छावणीत आणून ठेवलेल्या खुर्चीवरचं माप उचलून जमिनीवर ठेवलं. "बसा."

संस्थेच्या त्या खुर्चीवर मी त्या दिवशी पहिल्यांदा बसले. बसून काम करणं हे मला आयुष्यात कधी काम वाटलं नव्हतं. आजूबाजूला बायका वाढी उचलतायत, पाणी ओढतायत आणि मी मापाशी. पंधरा दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

मग एक दुपार आली. ऊन असं की पत्र्याखाली उभं राहवेना. भाभीची म्हैस व्यायला लागली आणि अडली. आमच्या गावात अडलेली म्हैस सोडवायला मलाच बोलवत. मी उठले, पदर खोचला आणि धावत गेले. जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला होता, पण त्याला यायला वेळ होता. पारडाचे पाय दिसत होते. मी हात घातला, डोकं मागं वळलेलं होतं ते सरळ केलं, आणि ओढायला लागले. आणि जबडा सुरू झाला.

गोळ्या सुरू झाल्यापासून तो गप्प होता. आता कळ आली ती गळ्यापर्यंत. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. अजून जरा ओढलं तर पारडू निघेल असं मनात आलं. पण ते पाठ केलेलं डोक्यात होतं. मी हात काढले आणि म्हणाले, "भाभी, तू धर. मला बसू दे."

वाढीच्या पेंढीवर बसले. एका सुनेनं माझ्या हातांवर पाणी ओतलं, मी कनवटीची गोळ्यांची पुडी काढून एक गोळी जिभेखाली धरली. डोकं ठणकलं, कानात गरम वाटलं. ते होतं असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. भाभीनं एक पाय धरला आणि सोडला. ती म्हणाली, "आक्का, मला न्हाई जमायचं."

"जमतंय. दोन्ही पाय धर. ती कण्हली की ओढ, थांबली की थांब. खाली ओढ, आपल्याकडं न्हाई, खाली."

बोलता बोलता माझी कळ उतरत गेली. ती कधी थांबली ते कळलंच नाही, कारण तेवढ्यात पारडू बाहेर आलं आणि सगळ्या एकदम ओरडल्या. काळी कुळकुळीत पारडी. भाभी जमिनीवर बसून रडायला लागली आणि रडता रडता मलाच दटावत होती, "धावलात कावून तुमी? बोलून होत होतं ना, मग धावलात कावून?"

तिसऱ्या दिवशी तिनं खरवस केला. दुष्काळात, वेलदोडा घालून. छावणीतल्या सगळ्यांना एकेक चमचा आला असेल. मला तिनं वाटी भरून दिली आणि समोर बसून ती संपेपर्यंत हलली नाही. डॉक्टरांनी साय-तूप कमी सांगितलं होतं. ते मी त्या दिवशी तिला सांगितलं नाही.

पुढच्या तपासणीला मी गेवराईच्या डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं, म्हशीसकट. त्यांनी एका गोळीचं प्रमाण वाढवलं आणि म्हणाले, "तुम्ही बसलात, हे फार चांगलं केलं." दाताच्या डॉक्टरीणबाईकडे मी मुद्दाम गेले. जाताना पिशवीभर चिंचा नेल्या. तिला म्हणाले, "मी तुला नावं ठेवली होती गं." ती म्हणाली, "काकू, तुम्ही मिश्री सोडलीत ना, मग आता बसा, दात स्वच्छ करून देते." गाडीच्या आरशात माझे दात बघून मालक घरी येईपर्यंत माझी चेष्टा करत होते.

जाळी बसवायची वेळ अजून आलेली नाही. येईल तेव्हा बसवू. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, छावणी उठली, टेम्पो पुन्हा गावात यायला लागला. चेअरमन आता भाभी आहे. दूध मोजायला मी अजूनही जाते.

मालक रिटायर झाल्यापासून आम्ही दोघं संध्याकाळी डांबरी रस्त्यानं फिरायला जातो. डॉक्टरांनी सांगितलंय, बोलता येईल इतक्याच वेगानं चालायचं. बोलताना दम लागला तर वेग कमी करायचा. आता हे चालताना कायम विचारतात, "बोल काहीतरी, बघू दे दम लागतो का." आणि मला बोलायला लावून लावून त्यांना कळलं की त्यांच्या ड्युटीच्या काळात घरात किती गोष्टी झाल्या ज्या त्यांना माहीतच नव्हत्या. पोरीला पहिल्यांदा दात आला तो दिवस, पोरगा शाळेतून पळून आला होता ती गोष्ट, माझी आणि सासूबाईंची भांडणं. ते ऐकतात आणि मधेच म्हणतात, "हे तू मला कधी सांगितलं न्हाईस."

"तुमी परळीच्या फेरीवर गेलते तवा," मी म्हणते, आणि पुढची गोष्ट सुरू करते.